आरओचंच पाणी

एप्रिल आणि मे 2025 मधल्या सहा आठवड्यांत सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या एका मित्राच्या घरच्या समुद्री टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत, पाच क्लीनर श्रिम्प (झिंगे), चार नेराइट गोगलगायी, पाच नासारियस गोगलगायी आणि तीन हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) मेले. एकूण 17 जीव. मासा मात्र एकही मेला नाही. चारही मासे वेळेवर खात होते, आपसात भांडत होते, आणि क्लाउनफिशच्या जोडीनं तर अंडी घालण्याआधी करतात तशी एका दगडाची झाडलोटही सुरू केली होती. हा फरक पहिल्या आठवड्यापासून आमच्या डोळ्यांसमोर होता. तरी कारण हाती लागायला 15 मे उजाडला, आणि त्यातले शेवटचे अकरा दिवस माझ्यामुळे गेले. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि नऊ वर्षं स्वतःचा टँक सांभाळतोय, हे इथंच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना हसायचं तिथं हसता येईल.

टँक दोन वर्षांचा. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खाली कपाटात सम्प, म्हणजे पाणी गाळण्याची दुसरी टाकी, त्यात बुडबुड्यांनी घाण वेगळी काढणारा स्किमर आणि वर पाणी चढवणारा पंप. दगड-वाळूची जागा वजा करून सम्पसकट प्रत्यक्ष खारं पाणी साधारण 240 लिटर. मासे चार: क्लाउनफिशची जोडी, एक पिवळ्या शेपटीचा डॅमसेल, एक ब्लेनी. प्रवाळ सगळे मऊ जातीचे: झोआ, मशरूम आणि मधोमध एक मोठा लेदर कोरल. दगड बनवलेले, समुद्रातून आणलेले नाहीत. कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते घरात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि मेलेल्या प्रवाळाचा दगडही त्यातून सुटत नाही. मित्र या बाबतीत काटेकोर आहे. पुढं तपासात या काटेकोरपणाचा फायदाही झाला, तो येईलच.

1 एप्रिलपासून मित्राची नोकरी तासवडे एमआयडीसीत सुरू झाली. कराडला खोली घेतली. सोमवारी पहाटे निघायचं, शनिवारी रात्री परत. टँक सोमवार ते शनिवार त्याच्या आईकडे, म्हणजे काकूंकडे आला. काकूंना कामं दोनच: सकाळी चिमूटभर खाणं, आणि सम्पमध्ये खुणेपर्यंत पाणी.

हे दुसरं काम ज्यांना परकं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. टँकमधलं पाणी रोज वाफ होऊन उडतं, पण उडतं ते फक्त पाणी. मीठ खालीच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, आणि तेही शक्य तितकं कोरं हवं. मित्राकडे त्यासाठी स्वयंपाकघरातल्यापेक्षा वेगळा आरओ आहे. त्याच्या पुढं उरलेसुरले क्षार धरणाऱ्या डीआय रेझिनचा डबा, आणि तिथून पाणी वीस लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये पडतं. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य किंवा एक. निघताना त्यानं आईला एकच गोष्ट तीनतीनदा बजावली होती: "आई, नळाचं नाही. आरओचंच पाणी."

रविवारच्या नोंदी

मित्र दर रविवारी टँकची वही लिहितो. त्या वहीतून उतरवून घेतलेलं असं:

6 एप्रिल. सगळे जिवंत. लेदर कोरल मिटलेला, वर मेणचट पापुद्रा.

13 एप्रिल. एक श्रिम्प मेला. दोन नेराइट वाळूत उलट्या पडलेल्या, वास येतोय. तापमान 29.

20 एप्रिल. दुसरा श्रिम्प गेला. तीन नासारियस. सम्पवर आणि टँकवर मिळून दोन जादा पंखे लावले.

27 एप्रिल. तिसरा श्रिम्प, दोन हर्मिट, दोन नेराइट. तापमान 26.5 वर आलंय, तरी. मुंबईहून ट्रॅव्हल्सनं दोन नवे श्रिम्प मागवले, तीन तास थेंबाथेंबानं पाणी जुळवून सोडले.

त्याच्या खाली मंगळवारची तारीख घालून दोन शब्द: "दोन्ही गेले." काकूंनी फोनवर कळवलं होतं.

मित्राला वाटायला लागलं होतं की सगळी मरणं शनिवार-रविवारीच होतायत. शनिवारी रात्री तो येतो, दिवे लावतो, दार-खिडक्या उघडतो, काहीतरी त्यातच आहे. खरं कारण साधं होतं. बघणारा रविवारी येत होता. काकूंना उलटी पडलेली गोगलगाय झोपलेली वाटायची, आणि श्रिम्पचं मढं तर हर्मिट आणि नासारियस रातोरात संपवतात. मेले कधी हे वहीतून कळतच नव्हतं, सापडले कधी एवढंच कळत होतं. अशा वह्यांवरून तपास करणाऱ्यानं ही गोष्ट आधी मनाशी घोकावी.

पहिला संशय: उन्हाळा

सांगलीत एप्रिलमध्ये पारा 40 च्या आसपास खेळतो, तेव्हा हा संशय येणारच. 29 अंश म्हणजे फार नव्हे, पण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि गोगलगायी सुस्तावतात. चिलर महाग. पंखे स्वस्त, आणि पंख्यानं पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. पंखा गार करतो तो वाफ उडवून. आधी रोज तीन लिटर उडणारं पाणी आता साडेपाच लिटर उडायला लागलं. मित्रानं वहीत तेही लिहून ठेवलंय: "टॉप-अप जवळजवळ दुप्पट." त्या ओळीखाली मी नंतर लाल पेनानं रेघ मारली.

तापमान उतरलं आणि मरणं वाढली. इथं कुणीही म्हणेल की मग उन्हाळा कारण नव्हता. बरोबर. पण एक पायरी पुढं जाऊन कुणी विचारलं नाही की पंख्यांमुळं आणखी काय बदललं. मीही नाही.

4 मे, रविवार

त्या दिवशी मी पहिल्यांदा गेलो. बरोबर माझे पाणी तपासायचे किट, क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि मल्टीमीटर.

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 10. अल्कलिनिटी 8.2, कॅल्शियम 420. क्षारता त्याच्या रिफ्रॅक्टोमीटरवर 35, माझ्यावर 36. त्यानं आपलं यंत्र कोऱ्या पाण्यावर शून्य करून लावलं होतं. 35 च्या प्रमाण द्रावणावर लावायला हवं असतं. चूक होती, पण एका अंकानं पाच श्रिम्प मरत नाहीत. पाण्यात विजेची गळती नाही. वेव्हमेकरच्या, म्हणजे लाटा उठवणाऱ्या पंपाच्या, चुंबकाचं वेष्टण फुटून आतलं लोखंड गंजतं आणि पाणी नासतं, असे प्रकार होतात. दोन्ही वेव्हमेकर काढून पाहिले, धड होते. दगडातून मॅन्टिस श्रिम्प घरात शिरतो आणि रात्री शिकार करतो, ही या छंदातली आवडती कथा आहे. पण इथले दगड बनवलेले, कोरडे आलेले. शिवाय सापडलेली मढी अख्खी होती, कुरतडलेली नव्हती.

डासांच्या धुराचा विचार जरा जास्त वेळ केला. गल्लीत एप्रिलमध्ये दोनदा धूर फवारणी झाली होती, आणि स्किमर खोलीतलीच हवा ओढून पाण्यात घुसळतो. कॉइल, लिक्विड यांतली पायरेथ्रॉइड वर्गातली औषधं कवचधारी जीवांना फार थोड्या मात्रेत मारतात. पण ती माशांनाही जहाल असतात, आणि इथले मासे दगड झाडत होते. काकू म्हणाल्या, धूर आला की त्या खिडक्या लावून ओले टॉवेल लावतात. हा संशय मी खोडला नाही, बाजूला ठेवला.

मासे ठणठणीत आणि कणा नसलेले जीव पटापट मरतायत, असं चित्र दिसलं की या छंदातला कुठलाही जुना माणूस एकच शब्द उच्चारतो: तांबं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांबं हे नेहमीचं औषध आहे. 0.15 ते 0.20 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) ठेवलं तर परजीवी मरतो आणि मासा तगतो. त्याच पाण्यात श्रिम्प सोडला तर तो जगत नाही. त्याहून कितीतरी कमी मात्रेतही तो टिकत नाही. म्हणून औषधाचा टँक वेगळा ठेवतात. मित्रानं औषध कधीच घातलं नव्हतं. पाइप सगळे यूपीव्हीसी. आरओच्या आधी नळाला पितळी कॉक होता, पण त्यातून आलेलं काही असलं तरी आरओचं मेम्ब्रेन आणि डीआय रेझिन ते पुढं सोडत नाही. तरी मी तांब्याचं किट काढलं. थेंब टाकले, पाच मिनिटं थांबलो. रंग शून्याचा.

हे किट मी किती विश्वासानं पाहत होतो! त्याच्या रंगपट्टीवर शून्यानंतरची पायरी थेट 0.25 पीपीएमची आहे. मेट्रिक टनाच्या वजनकाट्यावर सोनं जोखावं तसा प्रकार. श्रिम्पचा जीव त्या दोन रंगांच्या मधल्या फटीत जातो.

एवढ्यात मला खाऱ्या पाण्याचं बॅरल दिसलं.

बॅरल

निळं, 50 लिटरचं, झाकणाला पत्र्याची कडी असलेलं. यात मित्र मीठ कालवतो. विचारलं तर म्हणाला, दादाच्या बागेतलं. दादा म्हणजे त्याचा चुलतभाऊ, तासगाव तालुक्यात द्राक्षबाग. माझ्या डोक्यात घंटाच वाजली. द्राक्षबाग म्हणजे बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रण, आणि बोर्डो म्हणजे मोरचूद. एक टक्का बोर्डोला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचुदात वजनाच्या चौथ्या हिश्श्याइतकं तांबं असतं, म्हणजे त्या मिश्रणाच्या एका लिटरमध्ये अडीच ग्रॅम. बॅरलच्या तळाच्या खाचेत चमचाभर जरी राहिलं असेल तरी त्यात साडेबारा मिलिग्रॅम तांबं. 240 लिटरमध्ये ते 0.05 पीपीएम होतं. श्रिम्पला पुरेसं.

हिशेब इतका सुबक बसला की मी तिथंच निकाल देऊन टाकला. नवं बॅरल आण, पाणी गाळायचा कार्बन बदल, पाणी बदल, संपलं.

दादाला फोन लावला तर तो म्हणाला, "आवो सर, त्या बॅरलात मोरचूद कधीच कालवलं न्हाई. बोर्डोला आमची सिमेंटची टाकी हाय. ह्यात ह्युमिक भिजवायचो." मला वाटलं, माणसं विसरतात.

पण निदान पडताळावं एवढी लाज शिल्लक होती. दादा ज्या प्रयोगशाळेत बागेचं देठ परीक्षण करून घेतो तिथं गेलो. तिथला माणूस जाणता होता. म्हणाला, समुद्राचं पाणी आणू नका, एवढ्या मिठानं आमचा बर्नर चोंदतो आणि आकडाही धड येत नाही. बॅरलमध्ये कोरं पाणी भरून रात्रभर ठेवा आणि ते आणा. टँकऐवजी टँकमध्ये जे जातं तेच तपासायचं, ही कल्पना त्याची. पुढं सगळं त्यावरच सुटलं, पण श्रेय माझं नाही.

13 मे ला अहवाल आला. बॅरलच्या पाण्यात तांबं यंत्राच्या पकडीत येण्याइतकंही नव्हतं. आणि 11 तारखेच्या रविवारी वहीत ओळ होती: दोन नासारियस, एक हर्मिट. नवं बॅरल येऊन आठवडा झाला होता. तांब्याची गोष्ट मी सोडून दिली. दादाला मनातल्या मनात सॉरी म्हटलं, तोंडावर अजून म्हटलेलं नाही.

15 मे, गुरुवार, सकाळचे साडेसात

काकूंचा फोन आला की एक हर्मिट शंखातून बाहेर येऊन उघडाच बसलाय. हर्मिट शंख सोडतो तेव्हा त्याला पाणी असह्य झालेलं असतं. कॉलेजला जाता जाता तसाच गेलो. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी, त्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो.

"आलास होय? ये की. एवढं पाणी घालते आणि चहा टाकते."

काकू सम्पच्या कपाटापुढं बसल्या होत्या. दोन्ही हातांनी एक कळशी कलती करून हळूहळू पाणी सोडत होत्या. तांब्याची कळशी. चिंचेनं घासलेली, सोन्यासारखी.

मी दारातच उभा राहिलो.

"काकू, हे पाणी कुठलं?"

"आरओचंच. दुसरं कुठलं घालीन मी?"

"आणि कळशीत कधी भरलं?"

"रात्री भरून ठेवते की. सकाळी तिकडं भांडी घासायला बाई बसते, मग कॅनपाशी जाताच येत नाही. आणि तो कॅन मला उचलत नाही बाबा. कळशी कशी, कमरेवर घेतली की झालं."

पाडव्याला, 30 मार्चला, गुढीसाठी माळ्यावरची तांब्याची भांडी खाली निघाली होती. सगळी चिंच-मीठ लावून घासली. गडू गुढीवर गेला आणि परत माळ्यावर गेला. कळशी मात्र, एवढी सुरेख वस्तू वर ठेवून काय करायची, म्हणून खालीच राहिली. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मित्र पहाटे कराडला गेला आणि काकूंनी पहिली कळशी सम्पमध्ये ओतली. त्यानंतर कळशी दर शनिवारी घासली जात होती, कारण घरात मुलगा येणार.

4 मे ला मी काकूंना विचारलं होतं, "पाणी आरओचंच ना?" त्या म्हणाल्या होत्या, "हो, आरओचंच." मित्रानंही फोनवर दोनदा हेच विचारलं होतं. उत्तर तिन्ही वेळा शंभर टक्के खरं होतं. पाणी कुठलं एवढंच आम्ही विचारत राहिलो. कॅनपासून सम्पपर्यंत ते कशातून जातं, किती वेळ कशात थांबतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आणि रविवारी मित्र स्वतः पाणी घालायचा, प्लास्टिकच्या मगानं. त्यामुळं आम्ही बघत असताना कळशी कधी दिसलीच नाही.

काकूंना मी लगेच काही बोललो नाही. चहा घेतला. एका बाटलीत कळशीच्या तळाचं उरलेलं पाणी, दुसऱ्या बाटलीत कॅनचं पाणी घेतलं, सांभाळत प्रयोगशाळेत नेलं आणि पहिलं लेक्चर चुकवलं. तांब्याचा आकडा: कॅन, पकडीखाली. कळशी, 0.46 मिलिग्रॅम प्रति लिटर. टीडीएस मीटर मी दोन्हींत बुडवून पाहिलं होतं. कॅनमध्ये 1, कळशीत 1. पूर्ण अंकांत बोलणाऱ्या मीटरला अर्धा मिलिग्रॅम दिसत नाही.

कोरं पाणी तांब्यात का जास्त उतरतं

नळाच्या पाण्यात कॅल्शियम, बायकार्बोनेट असतं. ते भांड्याच्या आतून पातळ थर धरतं आणि तांबं जरा झाकलं जातं. डीआय पाण्यात यातलं काहीच नाही. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लही होतं. त्यातून भांडं नुकतं चिंचेनं घासलेलं, म्हणजे ऑक्साइडचा काळसर थर निघून गेलेला आणि धातू उघडा पडलेला. दहा-अकरा तास. याहून चांगली सोय मी प्रयोगशाळेतही करू शकलो नसतो.

आता बेरीज. 31 मार्च ते 19 एप्रिल रोज तीन लिटर, पुढं 14 मे पर्यंत रोज साडेपाच. रविवार वगळून. सगळ्या दिवशी 0.46 धरलं तर सुमारे 78 मिलिग्रॅम तांबं टँकमध्ये गेलं. पाणी उडत राहिलं, तांबं तिथंच राहिलं. सगळं पाण्यातच राहिलं असतं तर 0.32 पीपीएम झालं असतं आणि माशांचंही काही खरं नव्हतं. पण दगड आणि वाळू तांबं धरतात, कार्बन थोडं धरतो, पाणी बदलताना थोडं जातं. टँकचं पाणी दहा पट पातळ करून त्या माणसानं एकदा मशीनवर घेतलं. आकडा नक्की नाही असं बजावून 0.09 सांगितला. माझ्या किटच्या भाषेत शून्य.

आणि पंखे. 20 एप्रिलला गारव्यासाठी लावलेल्या पंख्यांनी तांब्याचा रोजचा रतीब 1.4 मिलिग्रॅमवरून अडीचवर नेला होता. नवे दोन श्रिम्प दोन दिवसांत का गेले तेही यातच आलं. जुने हळूहळू वाढत्या तांब्यात होते, हे थेट साठलेल्यात पडले. आम्ही ट्रॅव्हल्सच्या प्रवासाला दोष दिला होता.

काकूंना सांगणं

मित्र म्हणाला, आईला सांगू नको, मी कळशी गुपचूप माळ्यावर टाकतो. मला ते पटलं नाही. कळशी पुन्हा खाली येणार, दिवाळीला तर नक्कीच. शिवाय सहा आठवडे रोज पहाटे उठून हे काम करणाऱ्या बाईपासून त्याचा निकाल लपवायचा कशासाठी? शनिवारी रात्री दोघांनी मिळून सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आम्ही तेच पाणी पितो. माणसाला चालतं आणि झिंग्याला नाही, असं कसं?"

प्रश्न रास्त होता. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम आहे. आपल्या आयएस 10500 मध्ये 0.05 ही पसंतीची मर्यादा आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. कळशीचं 0.46 त्यांच्या मधे बसतं. माणूस ते पितो, यकृत जास्तीचं तांबं पित्तातून बाहेर टाकतं. श्रिम्प तर पाण्यातच राहतो. चोवीस तास त्याच्या कल्ल्यांवरून तेच पाणी जातं. शरीरात मीठ किती ठेवायचं, किती बाहेर काढायचं हे काम कल्ल्यांच्या पेशींतली जी यंत्रणा करते, तिच्यावरच तांबं बसतं.

मी उत्साहात पुढं म्हणालो की गंमत म्हणजे झिंग्याच्या रक्तात आपल्यासारखं लोखंड नसतं, तांबंच असतं, म्हणून त्याचं रक्त निळसर.

"मग तर त्यांना चांगलंच की!"

"काकू, आमटीला मीठ लागतं म्हणून कुणी वाटीभर घालत नाही."

हे त्यांना लगेच पटलं. हिमोसायनिन (त्या तांब्याच्या रक्तद्रव्याचं नाव) हा शब्द काढण्याची वेळ आली नाही. थोडा वेळ गप्प बसल्या. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "तू नळाचं नको म्हणालास. भांडं कुठलं ते सांगितलं नाहीस." आम्ही दोघांनी मान हलवली.

टँक सावरणं

18 मे पासून सोळा दिवसांत चार वेळा, दर वेळी 60 लिटर पाणी बदललं. कार्बन दर आठवड्याला नवा. सम्पमध्ये तांबं धरणारं रेझिन टाकलं. तांबं धरत गेलं की त्याचा रंग बदलतो, त्यामुळं काम चाललंय हे दिसतं. खरा त्रास वाळूचा होता. कॅल्शियम कार्बोनेटची वाळू तांबं धरते आणि पाणी स्वच्छ झालं की सावकाश परत सोडते. सगळी वाळू एकदम काढली तर त्यातले जिवाणू जातात आणि अमोनिया चढतो, म्हणून अर्धी मे अखेर, अर्धी जूनच्या मध्यावर. दगड ठेवले. टाकून द्यावेत असं माझं मत होतं, मित्राला जीव होईना. आत्तापर्यंत तरी त्याचं बरोबर ठरलंय.

टॉप-अपसाठी फ्लोट सेन्सरवर चालणारा छोटा पंप बसवला. प्लास्टिकचा कॅन, सिलिकॉनची नळी, मधे धातू नाही. काकूंचं काम गेलं, तर त्यांनीच ते थोडं परत घेतलं. आता त्या रोज सकाळी कॅनची पातळी वहीत लिहितात, तारखेसह, आणि उलटी पडलेली गोगलगाय दिसली की वेळही. असली नोंद एप्रिलमध्ये असती तर दर सोमवारी लेदर कोरल जास्त मिटतो हे आम्हाला दिसलं असतं. तो तर 6 एप्रिललाच बोलला होता. लेदर कोरल अधूनमधून मेणचट पापुद्रा टाकून नवा होतो, हे पुस्तकी ज्ञान असल्यामुळं आम्ही त्याच्याकडे पाहून मान डोलावली आणि पुढं गेलो.

एक गोष्ट अजून बसत नाही. दोन नेराइट, तीन नासारियस आणि दोन हर्मिट या सगळ्यातून वाचले, शंख सोडलेला तो हर्मिटसुद्धा. तेच पाणी, तीच वाळू. आकारानं मोठेच वाचले असंही नाही.

22 जूनला दोन नेराइट सोडून पाहिल्या. तीन आठवडे काचेवर फिरत राहिल्या. 13 जुलैला दोन श्रिम्प आणले. आणि 29 जुलैला, सकाळी सहाला, काकूंचा फोन: एक झिंगा मेलाय, वाळूवर आडवा पडलाय, पांढराफटक. मी गाडी काढली. जाताना डोक्यात वाळूपासून दगडांपर्यंत सगळं फिरून झालं, मित्राला फोन करायचाही थांबलो.

वाळूवर पडलं होतं ते पोकळ होतं. पाय, मिशा, डोळ्यांच्या बाहुल्यांसकट अख्खं कवच, आत कुणी नाही. चिमट्यानं उचलून काकूंच्या तळहातावर ठेवलं. बॅटरी लावली तर दोन्ही श्रिम्प दगडाच्या सांदीत होते, त्यातला एक जरा मऊ, जरा लाजून मागं.

काकूंनी ते कवच उजेडाला धरून पाहिलं. "कात टाकली म्हणायची," त्या म्हणाल्या. "तीही आज, नागपंचमीला." मग त्यांनी वही उघडून वेळ लिहिली.